चार आवाजांचं गाणं

३ ऑगस्ट १९८७, सोमवार

प्राचार्यांनी शिपाई पाठवून बोलावलं. मला वाटलं, वेळापत्रकाची भानगड असणार. पण विद्यापीठाचं पत्र होतं. यंदाच्या आंतरविद्यापीठ महोत्सवात विद्यापीठाचा गायकवृंद म्हणून आमच्या कॉलेजची मुलं गाणार, आणि दिग्दर्शक म्हणून माझं नाव. ऑक्टोबरात, कोल्हापूरला.

एकोणीस वर्षं मुलांना घेऊन विद्यापीठाच्या स्पर्धेला मुंबईला जातोय. दर वर्षी "प्रयत्न चांगला होता हं" एवढं ऐकायचं आणि रातराणीने रत्नागिरीला परत. आता हे मिळालं तर आनंद व्हायला हवा. झालाही असेल. पण पहिला विचार आला तो हा, की पुन्हा रोज संध्याकाळी हॉलवर उभं राहून हात हलवायचे, आणि माझा उजवा खांदा महिनाभर धरलेला आहे. दिवसा वनस्पतिशास्त्र शिकवायचं आणि संध्याकाळी गाणं. पन्नाशी उलटल्यावर दोन्ही होत नाही.

गाणं कुठलं ते नक्की आहे. आनंदीची आई, म्हणजे माझी सासू, अंजनवेलला म्हणायची ती धून:

दर्याकाठी दिवा ठेवला
कधी रे येशी, तांडेला?

मी ती चार आवाजांत बसवली आहे, मुलींचे दोन आणि मुलांचे दोन. मागून होडी वल्हवल्यासारखा ठेका. परीक्षकांना ठेका लागतो. आज घरी पेटीवर वाजवून दाखवलं तर आनंदी मासे साफ करता करता म्हणाली, "आई एवढी धावत नव्हती."

"स्टेजवर धावावं लागतं," मी म्हटलं.

सुरमई छान झाली होती.

५ ऑगस्ट, बुधवार

प्राध्यापकांचा बेमुदत संप सुरू झाला. सकाळी फाटकापाशी सगळे जमलो, काळ्या फिती लावल्या. आमच्या संघटनेच्या शाखेचा सचिव सदू मयेकर. रसायनशास्त्र शिकवतो, आणि मी वृंद सुरू केला तेव्हापासून आमची पेटी तोच वाजवतो. त्याने घोषणा दिल्या. आवाज फुटला तरी सुरात फुटला. हसू आलं.

संप लांबेल असं दिसतंय.

७ ऑगस्ट, शुक्रवार

आज सभेत मी विचारलं, की तालमी घेतल्या तर चालतील ना? तालीम म्हणजे काही तास नव्हे. मागून कोणीतरी म्हणालं, "नागवेकरांना मुंबईचं बोलावणं आलं, आता त्यांचा संप संपला." सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले.

सभा उठल्यावर सदूने मला बाजूला घेतलं.

"हरिभाऊ, तालीम नाही."

"अरे, मुलांनी काय घोडं मारलंय? कोल्हापूर दोन महिन्यांवर आलं."

"तुमच्या नावाने विद्यापीठाचं पत्र आलंय. म्हणजे ते विद्यापीठाचं काम. तुम्ही हॉलमध्ये उभे राहिलात तर उद्या दुसरा प्रयोगशाळा उघडेल. मी कुणाकुणाला अडवू?"

"आणि माझी एकोणीस वर्षं?"

"माझीपण तेवढीच आहेत की हो," तो म्हणाला आणि छत्री उघडून निघून गेला.

हा माणूस माझ्या घरी दर रविवारी जेवतो. मला आज त्याचा राग आलाय आणि तो बरोबर बोलतोय, दोन्ही आहे. तालमी बंद. ठरलं.

९ ऑगस्ट, रविवार

नारळी पौर्णिमा. दुपारी मुलं घरी आली. पुढे राही, मागे पोफळीच्या कॉलनीतला केरू आणि बाकीची चारपाच. राही आमचा पहिला आवाज. सावर्ड्याच्या आतल्या अंगाला कुठेतरी तिचं गाव आहे, इथे वसतिगृहात राहते. तिला समजावून सांगितलं, की संप मिटेपर्यंत घरी जा.

"सर, गावाला गेले तर माझी आवस शेतात बेणणीला लावील. मंग ती परत धाडायची नाय." ती चौकटीला धरून उभी होती. "मैना तर गेलीपण. तिचा बापूस येऊन घेऊन गेला."

मैना म्हणजे मुलींचा दुसरा, खालचा आवाज. तिच्या आधाराने बाकीच्या दोघी गातात. ती गेली म्हणजे अर्धं गाणं गेलं.

"मग आता काय करायचं, सर?" केरूने विचारलं.

"काही नाही करायचं," मी म्हटलं. "वाट बघायची."

आनंदीने सगळ्यांना नारळीभात दिला. मुलं बराच वेळ स्वयंपाकघरातच होती. मी पुढच्या पडवीत आरामखुर्चीत पडून राहिलो. आत काय बोलणं चाललं होतं ऐकलं नाही. माझ्याशी बोलायला कोणी बाहेर आलं नाही, हे खरं म्हणजे बरंच वाटलं.

१३ ऑगस्ट, गुरुवार

काही करायला नसणं हे काम करण्यापेक्षा जड. फाटकापाशी दोन तास उभं राहायचं, मग घरी. दुपारी झोपतो आणि उठल्यावर डोकं दुखतं.

सदूकडे गेलो होतो. त्याची पेटी जागेवर नव्हती. विचारलं तर म्हणाला, भाता फाटला, दुरुस्तीला दिली. एवढी जपणारा माणूस हा, भाता फाटेपर्यंत कसं लक्ष गेलं नाही कोण जाणे. संपाने त्याचंही चित्त उडालेलं दिसतं.

१९ ऑगस्ट, बुधवार

आनंदी हल्ली रोज दुपारी बाहेर जाते. सदूच्या वहिनीकडे, शिरगावला. गौरीच्या ओवशाची तयारी म्हणते. सुपं, दोरे, काय काय असतं त्यांचं. एवढी तयारी दर वर्षी लागत होती का, मला आठवत नाही. दर वर्षी मी हॉलवरच असायचो.

येते ती दमून, पण चेहरा उजळलेला असतो. आज तिच्या पदराला पेंढ्याच्या काड्या चिकटलेल्या होत्या. म्हटलं, "हे काय, गोठ्यात बसून सुपं रंगवता की काय?"

"जागा नाही त्यांच्याकडे," ती म्हणाली आणि काड्या वेचत आत गेली.

चहा मलाच करून घ्यावा लागतो. संप लांबला की घरादाराची शिस्त जाते.

२४ ऑगस्ट, सोमवार

वाटाघाटी फिसकटल्या म्हणतात. केरू बाजारात दिसला. मला वाटलं होतं तो पोफळीला गेला असेल, तर म्हणे आत्याकडे राहिलाय. "अभ्यास करतोय, सर." अभ्यास आणि केरू! मी म्हटलं, आवाज जप, थंड पाणी पिऊ नकोस. तो म्हणाला, "काकूपण हेच सांगतात." कुठली काकू ते विचारायचं राहिलं. आत्याच्या शेजारची असेल.

मनातून कोल्हापूर मी सोडलंय. विद्यापीठाला कळवून टाकावं असं वाटतं, पण कळवणं हेही कामच.

२९ ऑगस्ट, शनिवार

काल गणपती बसले. संध्याकाळी आरतीला सदू आला, तीन आठवड्यांनी. आणि मुलंही आली. बरं वाटलं. आरती मी सुरू केली, पण घसा बसलेला, दुसऱ्या कडव्याला आनंदीने उचलली. तिचा आवाज खालचा आणि भरदार आहे. लग्न झालं तेव्हा ऐकला होता, मग घरात ऐकायचं कारण पडलं नाही.

एक गंमत लक्षात आली. कडवं संपलं की मुलं थांबत, आणि माझ्याकडे न बघता आनंदीकडे बघत. ती किंचित मान खाली घेई आणि सगळी एकदम पुढच्या ओळीवर येत. बायकांना आरतीची सवय जास्त, म्हणून असेल.

३ सप्टेंबर, गुरुवार

आज जे पाहिलं ते लिहायला बसलोय खरा, पण हात चालत नाही.

दुपारी रेडिओवर बातमी आली, की तोडगा निघतोय. सदूला सांगावं म्हणून शिरगावला गेलो. त्याचे थोरले भाऊ आंब्याचे बागायतदार. घरामागे त्यांची पेट्या भरायची लांब शेड आहे, पावसाळ्यात ओस असते. घरात सदूची वहिनी एकटीच तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून ती उठली आणि उगाच मोठ्याने म्हणाली, "अगो बाई, नागवेकर आले!" तेवढ्यात शेडमधून सूर आले.

माझं गाणं होतं. आणि माझं नव्हतं.

रिकाम्या पेट्यांवर मुलं बसली होती. खाली पेंढा. सदू मांडी घालून पेटी वाजवत होता, भाता धडधाकट. मुलींच्या मधोमध आनंदी बसली होती आणि मैनाचा आवाज गात होती. ती हात हलवत नव्हती. श्वास घ्यायची, आणि तिच्याबरोबर सगळ्यांचे श्वास वर जायचे. ठेका काढून टाकला होता. धून इतकी संथ, की "कधी रे येशी" नंतर केवढी तरी जागा सुटत होती आणि त्या जागेत केरूचा खालचा आवाज एकटा राहायचा.

मी दाराशी उभा राहिलो. राहीने पाहिलं आणि तिचा आवाज तुटला. मग एकेक करून सगळे थांबले.

"चालू द्या," मी म्हटलं आणि परत फिरलो. छत्री शेडच्या दाराशी राहिली. भिजत घरी आलो.

४ सप्टेंबर, शुक्रवार

संप मिटला. फाटकापाशी पेढे वाटले. मी सदूला गाठलं.

"मला बंदी आणि तू स्वतः पेटी वाजवतोस?"

त्याने पेढा तसाच हातात धरला. "संप प्राध्यापकांचा होता. आनंदीवहिनी प्राध्यापक नाहीत. मुलंही नाहीत."

"आणि तू?"

"मी चूकच केली. समितीपुढे सांगणार आहे. सचिवपद काढून घेतील तर घेऊ देत." त्याने पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला. "मुलं वहिनींकडे रडत आली होती, हरिभाऊ. वहिनी मला म्हणाल्या, पेटी द्या नुसती. मी पेटी घेऊन गेलो आणि उठवेना."

"मला सांगायचंस. येऊन बसलो असतो गुपचूप."

"तुम्ही आला असतात तर वहिनींनी तोंड उघडलं नसतं," सदू म्हणाला.

मला हे पटलेलं नाही. तिला गायला मी कधी नाही म्हटलं? कधीच नाही. कधी गा असंही म्हटलेलं नाही, ते वेगळं.

८ सप्टेंबर, मंगळवार

हॉलवर तालीम. मैना गावाहून आली, हात चिखलाने चिरलेले. मी नेहमीप्रमाणे हात वर केला, माझा ठेका दिला. मुलं गायली. मुकाट्याने, बिनचूक, माझ्याच चालीवर. सूर कुठेही चुकला नाही आणि गाणं मेलेलं होतं. मी दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. खांद्यातून कळ यायला लागली तेव्हा थांबलो.

"कोणाला काही सांगायचंय?" मी विचारलं.

शेवटी केरू म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, सर."

यापेक्षा उलट बोलला असता तर बरं झालं असतं.

१० सप्टेंबर, गुरुवार

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं. आज आनंदी भात वाढता वाढता म्हणाली, "रागावलात तर रागवा, पण जेवा तरी नीट."

मी विचारलं, "ठेका का काढलास?"

"वल्हवायचं गाणं नाहीच ते. वाट बघायचं आहे." डाव हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. "बाबा होडीवर तांडेल होते. वादळात होडी आली नाही की आई पायरीवर बसून हे म्हणायची. म्हणताना मध्येच थांबायची, वल्ह्याचा आवाज येतो का ऐकायला. मग पुढची ओळ. तुम्ही ती जागाच बुजवलीत."

"हे मला आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं की. मासे करताना सांगितलं. तुम्ही म्हणालात, स्टेजवर धावावं लागतं."

मी म्हटलं, मग कोल्हापूरला तूच उभी राहा. रागानेच म्हटलं. ती हसली. "काहीतरीच काय? पत्र तुमच्या नावाचं आहे. तुम्हीच उभे राहा. फक्त त्यांना त्यांच्या श्वासाने म्हणू द्या. जमेल?"

जमेल का ते माहीत नाही. इतकी वर्षं लोक माझ्या हातांकडे बघतात. हात खाली ठेवून नुसतं उभं राहणं मला येत नाही.

२२ सप्टेंबर, मंगळवार

येत नाहीच. आज पुन्हा हात वर गेला. राही हळूच म्हणाली, "सर, खिशात घाला." सगळी हसली. मीही हसलो. मग खरंच खिशात घातले. गाणं पहिल्यांदा शेवटपर्यंत श्वास घेत गेलं. मला करायला काही नव्हतं. घरी आलो तो नेहमीपेक्षा जास्त दमून.

सदूचं सचिवपद गेलं. तो म्हणतो, आता पेटीला वेळ मिळेल. बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. रविवारी जेवायला ये म्हणून सांगितलं.

११ ऑक्टोबर, रविवार, कोल्हापूर

मुलींबरोबर बाईमाणूस हवं हा नियम असल्यामुळे आनंदीला आणता आलं. कागदावर ती "देखरेख". आंबा घाटात तिघींना एस.टी. लागली, ती पिशवी धरून मागे मागे फिरत होती.

गाणं दुपारी झालं. आमच्या आधीच्यांकडे दोन ढोलक आणि टाळ्या, सभागृह दणाणत होतं. आमची मुलं उभी राहिली, मी पहिला सूर दिला आणि हात खाली घेतले. पहिल्या विरामाला मागे कोणीतरी खोकलं. दुसऱ्या विरामाला कोणी खोकलं नाही. तिसऱ्याच्या वेळी मला माझाच श्वास ऐकू येत होता. मैनाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज हलला नाही.

तिसरा क्रमांक आला. परीक्षकांपैकी एक पांढऱ्या केसांच्या बाई भाषणात म्हणाल्या, "या दिग्दर्शकांनी शांततेला जागा दिली. फार मोठा संयम आहे." ढाल घ्यायला मला बोलावलं. पायऱ्या चढताना ठरवलं होतं, की माइकवर सांगायचं, हा संयम माझा नाही. निवेदकाने ढाल हातात दिली, फोटो काढला आणि पुढचं नाव पुकारलं. माइक त्याच्याच हातात होता. मागितला असता तर दिला असता बहुतेक. मी मागितला नाही.

खाली आलो तर आनंदी खुर्चीत नव्हती. मागच्या नळावर एका मुलीचं डोकं धुऊन देत होती. ती बाईंचं बोलणं ऐकायला नव्हती.

१२ ऑक्टोबर, सोमवार

परतताना एस.टी.त मी तिला सांगितलं, बाई काय म्हणाल्या ते. आणि मी काय बोललो नाही तेही.

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मला वाटलं, रागावली. मग म्हणाली, "मैनाला खालचा सा अजून नीट लागत नाही. पोट आत ओढते ती. तिला आधी बसून गायला लावा."

मी म्हटलं, "तू लाव."

"मी कुठे कॉलेजात यायची?"

साखरप्याला गाडी थांबली. मुलं चहा प्यायला उतरली. आम्ही दोघं बसूनच राहिलो.

१६ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. नव्या मुलांना घेऊन वृंदाच्या तालमी आजपासून. प्राचार्यांना भेटून सांगितलं, की यापुढे तालीम माझी पत्नी घेईल, मी हजेरी आणि कागद सांभाळीन. ते चष्म्यावरून बघत राहिले. "तब्येत बरी नाही का?" म्हटलं, तब्येत बरी आहे, ती माझ्यापेक्षा बरं घेते. ते म्हणाले, "हॉलची किल्ली वेळेवर परत आली म्हणजे झालं."

आनंदीने तीन वेळा साडी बदलली. निघताना दाराशी थांबली. "हसली पोरं तर?"

"सदू आहे पेटीला. हसला कोणी तर पट्टी वाढवेल."

ती गेल्यावर घरात काय करायचं मला कळेना. दिवे लावले. पेपर सकाळीच वाचून झाला होता. मग वाटलं, ती दमून येईल, जेवण तरी करून ठेवावं. तांदूळ कुठल्या डब्यात ते शोधण्यात वेळ गेला. साखरेच्या डब्यात रवा होता आणि रव्याच्या डब्यात पोहे. भात खाली लागला. आमटी निखाऱ्यावर ठेवून बसलो. रस्त्यावर चपलांचा आवाज आला की उठायचो, कोणीतरी दुसरंच असायचं.

ती आली तेव्हा घसा पार बसलेला. पाय ओढत आली आणि पडवीतल्या खुर्चीत धप्पकन बसली. माझी खुर्ची ती.

"कशी झाली?"

"एक मुलगा आहे मिऱ्याचा. पट्टीत येतच नाही. पण आवाज असा आहे, की सोडवत नाही."

"काढून टाक. असल्यांवर वर्ष जातं."

"जाऊ दे गेलं तर," ती म्हणाली.

ताट आणून तिच्यापुढे ठेवलं. तिने एक घास घेतला, दुसरा घेतला.

"मीठ नाही घातलंत आमटीत."

मी मीठ आणायला उठलो.

"राहू द्या. गरम आहे," ती म्हणाली आणि खात राहिली.

मी समोर पायरीवर बसलो आणि त्या मिऱ्याच्या मुलाचं नाव काय ते विचारलं.